एलडी सर्टिफिकेट मिळाले, पण वाचायला कोण शिकवणार?

डिस्लेक्सियाच्या, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन अडणाऱ्या मुलांसाठी काम करणाऱ्या स्थानिक संस्थेकडे पालक येतात ते बहुधा नववी-दहावीच्या तोंडावर. मागणी एकच असते: एलडी सर्टिफिकेट, म्हणजे अध्ययन अक्षमतेचा (लर्निंग डिसॅबिलिटी) सरकारी दाखला. ते मिळवून द्यायलाच हवे, त्यावर मुलाचा हक्क आहे. पण सर्टिफिकेटने परीक्षेतला वेळ वाढतो, वाचन वाढत नाही. वाचन सुधारते ते आठवड्यातून किमान तीनदा, ठरलेल्या क्रमाने, प्रशिक्षित माणसाने शिकवल्यावर. हे काम शाळेत आणि सरकारी रुग्णालयात क्वचित होते. म्हणून ते गावातल्या संस्थेवर येते.

मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६ पासून हे काम करते आहे, चेन्नईत मद्रास डिस्लेक्सिया असोसिएशन आहे. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी मात्र पालकांना जायला जागा नसते. एखादा ट्रस्ट, निवृत्त शिक्षकांचा गट किंवा महिला मंडळ हे काम हाती घेऊ पाहत असेल, तर नेमके काय करायचे आणि कुठे फसते, ते इथे सांगतो आहोत.

अडते कुठे

बोलताना आपण ‘कमळ’ हा शब्द एका दमात म्हणतो. वाचायचे असेल तर त्याचे आवाज सुटे करता यावे लागतात, प्रत्येक आवाजाची खूण ओळखावी लागते आणि ते पुन्हा जोडावे लागतात. बहुतेक मुलांना थोड्या सरावाने हे जमते आणि मग ते आपोआप होऊ लागते. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाचा मेंदू बोललेल्या शब्दातले आवाज सुटे धरण्यात आणि अक्षर पाहताच त्याचा आवाज झटकन आठवण्यात मागे पडतो. बुद्धीचा त्याच्याशी संबंध नाही. १८९६ साली इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची नोंद छापली. मुलगा हुशार होता, गणितात ठीक होता, पण स्वतःचे नावसुद्धा चुकीचे लिहायचा. शिक्षण सगळे तोंडी असते तर तो शाळेतला सर्वात हुशार विद्यार्थी ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते.

डिस्लेक्सिया घराण्यात उतरतो, म्हणून मुलाची माहिती घेताना आईवडिलांना, काका-मामांना शाळेत वाचायला त्रास व्हायचा का, हे जरूर विचारा. तो जन्मभर सोबत राहतो, पण योग्य शिकवण्याने वाचन वापरण्याजोगे होते. डोळ्यांचा हा दोष नव्हे. रंगीत चष्मे, रंगीत कागद, डोळ्यांचे व्यायाम, मेंदूचे दोन भाग ‘जोडणारे’ व्यायाम यांनी वाचन सुधारल्याचा भरवशाचा पुरावा नाही. पालक यांवर हजारो रुपये घालवतात आणि त्याहून वाईट म्हणजे मुलाची दोन वर्षे जातात. संस्थेने हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे.

मराठीत ते कसे दिसते

या विषयावरचे बहुतेक साहित्य इंग्रजी वाचणाऱ्या मुलांवर बेतलेले आहे. त्यातली लक्षणांची यादी उचलून मराठी शाळेत लावली की अर्धी मुले निसटतात. इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार होतात, त्यामुळे मूल चुकीचे वाचते आणि ते लगेच लक्षात येते. देवनागरीत अक्षर आणि आवाज यांचे नाते बरेच सरळ असल्याने चौथीतले मूल बऱ्याचदा बरोबर वाचते, पण फार हळू. एक-एक अक्षर लावत ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेले असते. शिक्षक म्हणतात, ‘वाचता येते त्याला, लक्ष देत नाही.’ म्हणून मराठीत चुकांइतकाच वेगही मोजायला हवा.

आपल्या लिपीचे स्वतःचे अडथळे आहेत. पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण कागदावर त्याच्या आधी. ‘वर्ग’मध्ये र चा आवाज ग च्या आधी, पण रफार ग च्या डोक्यावर. एकटा र पाच रूपे घेतो: रस, वर्ग, प्रकाश, राष्ट्र, दऱ्या. भ-म, घ-ध, थ-य, प-ष, ब-व या जोड्या दिसायला जवळच्या. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतला च लिहिताना एक, म्हणताना वेगळा. ‘जाळे’ आणि ‘जीवन’ यांतल्या ज चे तेच. शिवाय ‘अडचण’ लिहितो चार अक्षरांत, पण म्हणताना ड चा अ गळून जातो. मूल अ, ड, च, ण असे चारही सुटे आणि पूर्ण उच्चारते, आणि जे ऐकू येते तो त्याच्या ओळखीचा शब्द नसतो. अशा वेळी ‘आता हे नेहमी बोलतोस तसे म्हण’ ही एक सूचना फार उपयोगी पडते. ती रोज द्यावी.

ह्रस्व-दीर्घावरून मात्र निदान करू नये. ‘मूल’ पण ‘मुलाला’, ‘फूल’ पण ‘फुलाचा’ हे नियम मोठ्यांनाही चकवतात. काना-मात्रा गाळणे, जोडाक्षराचा एक भाग खाणे, फळ्यावरून उतरवताना शब्द अर्धवट सोडणे आणि तोंडी उत्तर उत्तम असताना लेखी उत्तर दोन ओळींत संपणे ही चिन्हे जास्त बोलकी आहेत.

आधी काय वगळायचे

वाचता येत नाही म्हणजे डिस्लेक्सियाच, असे धरले तर संस्था चुकीच्या मुलांवर शक्ती खर्च करते आणि त्या मुलांवर नको तो शिक्का बसतो. ऊसतोड कामगारांच्या मुलांचे दिवाळीनंतरचे कित्येक महिने फडावर जातात. त्यांना न शिकवल्यामुळे वाचता येत नाही. मेळघाटात घरी कोरकू, नंदुरबारच्या डोंगरात भिली किंवा पावरी बोलणारे मूल पहिलीत आल्यावर मराठी ऐकायलाच नव्याने शिकत असते. या मुलांनाही मदत हवी, पण ती वेगळी.

म्हणून क्रम असा ठेवा. प्रथम हजेरी पाहा: मागच्या दोन वर्षांत किती दिवस शाळेत होते? मग घरची भाषा. मग कान आणि डोळे. वारंवार कान फुटणाऱ्या मुलाला आवाजांतला फरक नीट ऐकू येत नसतो, त्यामुळे ऐकण्याची तपासणी टाळू नका. त्यानंतर सहा ते आठ आठवडे चांगले, क्रमवार शिकवून पाहा. ज्याला फक्त शिकवण्याची उणीव होती ते मूल या काळात भरभर पुढे जाते. नियमित येऊनही ज्याची प्रगती मुंगीच्या पावलाने होते, ते मूल पूर्ण तपासणीसाठी पाठवावे.

शिक्षकांसाठी चाळणीचे साधन मराठीत आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाचा संच हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत तयार केला. त्यात पहिली-दुसरीसाठी एक आणि तिसरी ते पाचवीसाठी एक अशी चाळणी आहे, आणि मानसतज्ज्ञांसाठी वेगळ्या चाचण्या आहेत. चाळणीत नाव आले म्हणजे निदान झाले असे नाही, हे शिक्षकांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. निदान करण्याचा अधिकार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसारख्या तज्ज्ञांचा. संस्थेत येणारे स्पेशल एज्युकेटर (विशेष शिक्षक) हेही परिषदेकडे नोंदलेले असावेत. नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नये.

पंचेचाळीस मिनिटांची एक तासिका

संस्थेचे खरे काम इथे आहे. जगभर चालणाऱ्या पद्धतींचा पाया १९३० च्या दशकात अमेरिकेतले मेंदूतज्ज्ञ सॅम्युअल ऑर्टन आणि शिक्षिका ॲना गिलिंगहॅम यांनी घातला. आवाजापासून सुरुवात, सोप्याकडून अवघडाकडे, आधीचे पक्के झाल्याशिवाय पुढचे नाही, आणि डोळे, कान, हात एकाच वेळी कामाला लावणे ही त्याची चौकट. मराठीसाठी ती जशीच्या तशी चालत नाही, क्रम आपल्याला लावावा लागतो.

आपल्याकडे पूर्वापार ‘ग म भ न’ असा अक्षरगट शिकवत आले. वळणे सारखी असल्याने लिहायला तो सोयीचा आहे. पण म आणि भ शेजारी शेजारी शिकवले की या मुलांच्या डोक्यात ती दोन अक्षरे कायमची गुंततात. म आधी शिकवा, तो न चुकता यायला लागला की तीन-चार आठवड्यांनी भ आणा. घ-ध आणि थ-य यांनाही हेच लागू. स्वरचिन्हांत काना प्रथम, कारण तो व्यंजनानंतरच दिसतो आणि काका, मामा, माळ, लाल असे खरे शब्द लगेच वाचता येतात. मग दुसरी वेलांटी, एक मात्रा, काना-मात्रा, दुसरा उकार. पहिली वेलांटी मुद्दाम उशिरा. जोडाक्षरांत आधी ‘पक्का’, ‘अम्मा’ अशी एकाच अक्षराची जोडणी, मग ‘पुस्तक’सारखी दोन वेगळ्या अक्षरांची, आणि र ची रूपे सगळ्यात शेवटी, एका वेळी एकच. पूर्ण बाराखडी घोकून घेणे टाळा. मूल ती गाण्यासारखी म्हणते आणि मधलेच ‘के’ दाखवले की पुन्हा ‘क, का, कि, की’पासून मोजत बसते.

तासिका अशी चालते. पहिली पाच मिनिटे शिकलेल्या अक्षरांच्या कार्डांची उजळणी. कार्ड पोस्टकार्डाच्या निम्मे, अक्षर काळ्या आणि स्वरचिन्ह लाल शाईत. मग सात मिनिटे कागद-पेन्सिल बाजूला ठेवून फक्त तोंडी: ‘कमळमधला क काढला तर काय उरते?’, ‘का आणि की यांत सारखे काय?’, ‘पाटीतला प बदलून म लाव.’ हा भाग खेळ समजून वगळला जातो आणि तिथेच पाया कच्चा राहतो. पुढची दहा मिनिटे नवीन अक्षर किंवा चिन्ह. ताटात रवा पसरून मूल बोटाने ते गिरवते आणि गिरवताना आवाज मोठ्याने म्हणते. न बोलता गिरवले तर ती नुसती चित्रकला होते. मग आठ मिनिटे श्रुतलेखन: सहा-सात शब्द आणि एक वाक्य, त्यात न शिकवलेले एकही चिन्ह नको. दहा मिनिटे वाचन, तेही फक्त शिकलेल्या अक्षरांतून बेतलेल्या मजकुराचे. शेवटची पाच मिनिटे शिक्षकाने चांगली गोष्ट वाचून दाखवायची आणि मुलाने नुसते ऐकायचे. या मुलांचा शब्दसाठा वाचनाअभावी खुंटतो, तो कानावाटे वाढत राहिला पाहिजे.

पुढच्या पायरीवर कधी जायचे? त्या अक्षराचे दहा नवे शब्द दिल्यावर नऊ बरोबर, आणि तेही लागोपाठ दोन तासिकांत. पंधरवड्यातून एकदा मिनिटभर वाचन घ्या, बरोबर वाचलेले शब्द मोजा आणि आलेख कागदावर ठिपका द्या. हा कागद मुलाच्या फाइलमध्ये सर्वात वर असावा. तीन ठिपके एका आडव्या रेषेत आले तर मुलाला दोष देण्याआधी शिकवण्यात बदल करा: गट लहान करा, दोन पायऱ्या मागे जा, किंवा एडीएचडीची (लक्ष न टिकणे, अतिचंचलपणा) शंका असेल तर डॉक्टरांकडे पाठवा. डिस्लेक्सियाबरोबर तो अनेकदा असतो, आणि त्याच्यावर उपाय झाल्याशिवाय तासिका हातातून निसटत राहते.

गटात तीनपेक्षा जास्त मुले नकोत आणि ती इयत्तेनुसार न बसवता वाचनाच्या पायरीनुसार बसवावीत. सहावीच्या मुलाला दुसरीच्या मुलाशेजारी बसवणे मात्र टाळा. लाजेने ते यायचे बंद होते.

हिशेब मांडून पाहा. तीन-तीन मुलांचे तीन गट, प्रत्येकाच्या आठवड्याला तीन तासिका, म्हणजे नऊ तासिका, पावणेसात तास. तयारीला आणि नोंदींना जवळपास तेवढेच. एक अर्धवेळ स्पेशल एज्युकेटर एवढे नीट करू शकते. सुट्ट्या आणि परीक्षा वगळून वर्षाला पस्तीस आठवडे धरले तर मुलाला १०५ तासिका मिळतात. एक तृतीयांश चुकल्या तर सत्तरच उरतात, आणि तेवढ्यात या मुलांचे मागचे पक्के राहत नाही. म्हणून देणगी मागताना खोली आणि संगणकाआधी शिक्षिकेचे मानधन आणि मुलांचे येण्या-जाण्याचे भाडे मागा. साठ मुलांची नावे नोंदवून महिन्यातून एकदा शिबिर भरवण्यापेक्षा नऊ मुले वर्षभर शिकवणे कितीतरी मोलाचे आहे, अहवालात आकडा लहान दिसला तरी.

स्वयंसेवकांना पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करणे, गोष्ट वाचून दाखवणे, परीक्षेत मूल सांगेल ते लिहिणारा लेखनिक होणे ही कामे द्यावीत. अक्षर शिकवण्याचे काम प्रशिक्षणाशिवाय देऊ नये. मुलांसोबत एकटे मोठे माणूस बंद खोलीत असणार नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून लेखी असावा. तपासणीचे अहवाल कपाटात कुलूपबंद हवेत. शाळेच्या किंवा पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते कधीही टाकू नयेत.

सर्टिफिकेटची वाट

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता (एलडी, डिस्लेक्सिया त्यातच येतो) ही नोंदलेली अक्षमता आहे. त्याच्या कलम १६ नुसार अशी मुले लवकरात लवकर ओळखून योग्य अध्यापन देणे हे शाळेचे कर्तव्य आहे, आणि कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. मुख्याध्यापकांना पत्र लिहिताना ही दोन कलमे नावानिशी लिहा. विनंतीचा कागद बाजूला पडू शकतो, कायद्याचे कलम लिहिलेल्या पत्राला उत्तर द्यावे लागते.

अर्ज यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर होतो आणि तपासणी सिव्हिल हॉस्पिटल किंवा नेमून दिलेल्या रुग्णालयात. मुंबईत शीव, केईएम आणि नायर ही रुग्णालये या कामासाठी पालकांना माहीत आहेत. बालरोगतज्ज्ञ कान, डोळे, मज्जासंस्था पाहतात, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांनुसार सर्टिफिकेट आठव्या वर्षापासून मिळत असे आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी लागत असे. या सूचना २०२४ मध्ये सुधारल्या गेल्या, तेव्हा चालू नियम रुग्णालयातून लेखी घ्यावा.

घोटाळे ठरलेले असतात. आधार, जन्मदाखला आणि शाळेच्या रजिस्टरमध्ये नावाचे स्पेलिंग वेगळे. शाळेचा अहवाल नाही, किंवा त्यात ‘अभ्यासात कच्चा’ एवढेच. खासगी तज्ज्ञाचा रिपोर्ट म्हणजेच सर्टिफिकेट असा समज. आणि सर्वात मोठा: दहावीच्या वर्षी डिसेंबरात धावपळ. बोर्डाकडे सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो, तारखांची वाट पाहावी लागते. म्हणून हे काम नववीच्या जूनमध्ये सुरू करा. पालकांसोबत रुग्णालयाच्या पहिल्या फेरीला संस्थेचे माणूस जावे. रोजंदारी बुडवून आलेली आई एक झेरॉक्स कमी आहे म्हणून परत पाठवली गेली तर ती पुन्हा येईलच असे नाही.

सवलती निवडताना घाई नको. जादा वेळ सर्वांनी घ्यावा. केंद्राच्या सूचनांनुसार तो तासाला किमान २० मिनिटे आहे. भाषा सोडणे बऱ्याच मुलांना हिताचे ठरते. गणित सोडण्याआधी किंवा सोपे घेण्याआधी मात्र मुलाला विचारा, पुढे काय करायचे आहे. विज्ञान शाखा, तंत्रनिकेतन यांची दारे त्याने बंद होऊ शकतात, आणि वाचनात अडखळणारी कितीतरी मुले यंत्राच्या आणि आकृतीच्या कामात फार पुढे असतात.

लेखनिक मिळाला की प्रश्न सुटला असे वाटते. सरावाशिवाय लेखनिक घेतलेले मूल स्वतः लिहिले असते त्याहून कमी लिहून घेते. सांगण्याचा वेग, ‘नवीन परिच्छेद’, ‘अधोरेखित कर’, खोडायचे असल्यास काय म्हणायचे, आकृती कशी सांगायची हे शिकावे लागते. किमान पाच-सहा पूर्ण प्रश्नपत्रिका त्याच लेखनिकासोबत सोडवाव्यात. लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणून आठवी-नववीच्या मुलांची यादी संस्थेकडे तयार असावी आणि प्रत्येकाला एक बदली. परीक्षेच्या सकाळी लेखनिकाला ताप येतो, हे दरवर्षी कुठे ना कुठे घडते.

सर्टिफिकेटवर चाळीस टक्क्यांखाली अक्षमता आली म्हणजे लेखनिक नाहीच, असे सांगून पाठवले तर गप्प बसू नये. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात ही अट लेखनिकाला लागू नाही असे ठरवले, आणि त्यानंतर केंद्राने चाळीस टक्क्यांखालच्या उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. उच्च शिक्षणातील ५ टक्के आणि सरकारी नोकरीतील आरक्षणाला मात्र चाळीस टक्क्यांची अट आहे.

शाळा सुटलेल्यांचे काय

मोठी माणसे संस्थेकडे येतात ती बहुतेक मुलाला घेऊन, आणि मुलाची लक्षणे ऐकताना स्वतःबद्दल बोलू लागतात. त्यांना पहिलीचे पुस्तक पुढे करू नका. त्यांच्या कामात लागणारे पन्नास शब्द निवडा: मालाच्या पावतीवरचे, बँकेच्या स्लिपवरचे, बसच्या पाटीवरचे. शिकवण्याचा क्रम तोच, मजकूर त्यांचा.

फोन हे त्यांच्यासाठी मोठे साधन आहे, पण लावून द्यावे लागते. अँड्रॉइड फोनमध्ये ‘सिलेक्ट टू स्पीक’ चालू करून मराठी आवाज उतरवून घ्या. कागदावरचा मजकूर वाचून घ्यायला गूगल लेन्स, लिहायला कीबोर्डवरचे मराठी बोलून टंकन. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली पीडीएफ फोन वाचू शकत नाही, भलतेच काहीतरी बोलतो. तेव्हा पानाचा फोटो काढून लेन्सला द्यावा. पाठ्यपुस्तके ध्वनिमुद्रित करताना कॉपीराइटच्या भीतीने थांबू नये: २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये दिव्यांग व्यक्तींसाठी, नफा न घेता, सुलभ स्वरूपातली प्रत करण्याची मुभा आहे. एका धड्याची एक फाइल, सुरुवातीला विषय, धडा आणि पानाचा क्रमांक बोलून टाका, नाहीतर हवा तो धडा कुणालाच सापडत नाही.